गार उंदरांची वही

१

सोमवारी सकाळी नऊला फोन वाजला, तेव्हा जनावरांची डॉक्टरीण एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानात थेंब घालत होती. कुत्रा काही ऐकेना आणि फोनही थांबेना.

"घात झालाय, डॉक्टर. ताबडतोब या." फोनवर प्रयोगशाळेचे मोठे सर होते. "लिफाफा कोणीतरी फोडून परत चिकटवलाय. मी हात लावलेला नाही, तुम्ही येईपर्यंत लावणारही नाही. आणि औषधात नक्की काहीतरी कालवलंय. अहो, तो सतरा नंबरचा, कान फाटलेला उंदीर! औषध मिळूनसुद्धा शुक्रवारी पट्टीवरून धप्पकन खाली पडला. असं होईलच कसं?"

"आलेच," ती म्हणाली. कुत्र्याचा दुसरा कान तसाच राहिला.

मोठ्या सरांची प्रयोगशाळा डोक्याला मार बसल्यावर मेंदू वाचवणारं औषध शोधत होती. पांढऱ्या उंदराला भूल द्यायची, डोक्याला मोजून एक ठोका द्यायचा, लगेच सुई टोचायची. चाळीसपैकी वीस उंदरांना औषध आणि वीस जणांना नुसतं मिठाचं पाणी. तीन आठवड्यांनी प्रत्येकाला एका अरुंद लाकडी पट्टीवरून चालवायचं. मेंदू शाबूत असेल तो चालतो, नसेल तो पडतो. कुठल्या नंबरला काय मिळालं हे मात्र सुई देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बाहेरचा एक औषधवाला बाटल्यांवर नुसते नंबर टाकून आणतो आणि यादी लिफाफ्यात बंद करतो. लिफाफ्याच्या तोंडावर मोठे सर आडवी सही ठोकतात. शेवटचा उंदीर चालून होईपर्यंत लिफाफा उघडायचा नाही, हा तिथला धर्मच.

डॉक्टरीण त्या संस्थेच्या देखरेख समितीवर होती. जनावरांचे हाल होत नाहीत ना आणि नियम पाळले जातात ना, एवढं बघायचं तिचं काम. चोर पकडणं त्यात बसत नव्हतं. पण समितीत बाकीचे सगळे बैठकीपुरते, आणि बोलावलं की धावत येणारी ही एकटी.

२

अकरा वाजता मोठ्या सरांच्या खोलीत सगळे जमले. सगळे म्हणजे डॉक्टरीण सोडून चारच माणसं.

मोठे सर खुर्चीत. त्यांच्या उजव्या हाताला छोटे सर. त्यांचा स्वतःचा प्रकल्प दोन वर्षांपूर्वी बंद करून त्याच्या खोल्या या औषधाला दिल्या होत्या, तेव्हापासून ते बोलत कमी आणि खोकत जास्त. खिडकीशी पीएचडी करणारी मुलगी उभी होती. तिला सगळे घाईबाई म्हणत, कारण ती जिना उतरतानाही पळायची. आणि दाराशी, आत यावं की नको अशी, मावशी.

मावशी म्हणजे उंदरांची मावशी. एकतीस वर्षं पिंजरे धुतेय, पाणी भरतेय, दाणे घालतेय. डॉक्टरीण शिकत होती तेव्हा उंदीर हातात कसा घ्यायचा हे तिला मावशीनेच शिकवलं होतं. "पकडू नकोस गं. हातात घे. त्याला कळतं," असं म्हणाली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

टेबलावर लिफाफा होता. डॉक्टरिणीने भिंग लावलं. सहीचे दोन अर्धे भाग केसभर सरकलेले, आणि झाकणाच्या कडेने निळसर रेघ. उंदराच्या डोक्याची कातडी मिटवायला टाक्यांऐवजी जो सर्जिकल गोंद वापरतात, त्याचा हा रंग. या इमारतीतल्या शेंबड्या पोरानेही तो ओळखला असता.

"आता सगळ्यांसमोर उघडते," ती म्हणाली आणि यादी वाचली. निकालाच्या कागदाशी ताडून पाहिली. हाच प्रयोग आधी एकदा झाला होता; त्या पहिल्या फेरीत औषधवाले वीसच्या वीस पट्टीवरून ऐटीत चालले होते. या दुसऱ्या फेरीत औषधवाले आणि पाणीवाले सारखेच धडपडले होते. सतरा नंबर औषधवालाच होता.

"बघा!" मोठे सर उठले. "कोणीतरी यादी वाचून औषधाच्या बाटल्या नासवल्या. ही फेरी रद्द. पहिली फेरी पुरेशी आहे. पुढच्या महिन्यात इस्पितळात माणसांवर चाचणी सुरू होतेय, ती मी थांबवू देणार नाही. लिफाफा असतो त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या गळ्यात. दुसरी झाडलोटीसाठी मावशीकडे."

मावशी एक पाऊल आत आली. "सर, मी?"

"हिला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करून ठेवलंय. पाच वाजता सही करणार. डॉक्टर, समितीला काही म्हणायचं असेल तर पाचच्या आत म्हणा."

"पोलिसांत नका देऊ हो," मावशी कशीबशी म्हणाली. "नातू पाचवीत आहे. माझी आजी शास्त्रज्ञांबरोबर काम करते, असं वर्गात सांगतो तो."

डॉक्टरिणीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

३

तिने आधी घाईबाईला गाठलं. मुलगी बोलायच्या आधीच रडायला लागली.

"माझा प्रबंध बुडाला! तीन वर्षं! पण मी लिफाफ्याला हात नाही लावला, आईची शपथ. रविवारी दुपारी वजनं घ्यायला आले होते, तेव्हा छोटे सर दिसले. मोठ्या सरांच्या खोलीच्या बाहेर."

"आत नाही?"

"बाहेर. पण तिथे त्यांचं काय काम?"

छोटे सर प्रश्न ऐकून पोटभर खोकले. "मी वर्तमानपत्र न्यायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर विसरलो होतो. तुम्हाला पटणार नाही म्हणा. हे औषध पडलं तर मला माझ्या खोल्या परत मिळतात, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे."

"म्हणजे पडल्याचा आनंद झाला तुम्हाला?"

"झाला," ते सरळ म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण आनंद होणं आणि बाटलीत कालवाकालव करणं यात फरक आहे की नाही?"

"तो निळा गोंद कोणाकोणाकडे असतो?"

"ऑपरेशन करतो त्या तिघांच्या कोटात. मी, घाईबाई आणि अजूनही मोठे सर. झाडताना मावशीलाही मिळू शकतो म्हणा." मग आवाज उतरवून म्हणाले, "मोठ्या सरांवर रागावू नका. त्यांचा धाकटा भाऊ वीस वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडला. आज त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही. रोज सकाळी त्याला भरवून मगच सर इथे येतात. हे औषध म्हणजे त्यांचा जीव आहे."

डॉक्टरिणीला वाईट वाटलं, पण संशय काही तसूभरही हलला नाही. तो फक्त गोंद बाळगणाऱ्या तिघांवर सारखा वाटला गेला.

औषधाच्या बाटल्या तिने स्वतः तपासल्या. झाकणांवरचे पत्रे जसेच्या तसे, आणि रबरात प्रत्येकी एकच सुईचं भोक. मग नासवलं कोणी, आणि कसं?

४

ऑपरेशननंतर उंदीर शुद्धीवर येतात ती खोली तळमजल्यावर, मावशीच्या ताब्यातली. खोली आरशासारखी लख्ख. मावशी रडून डोळे सुजवून बसली होती, तरी हात चालूच. एका पिंजऱ्यावरची चिठ्ठी निघाली होती. तिने ॲप्रनच्या खिशातून पांढऱ्या डिंकाची बाटली काढली, चिठ्ठी चिकटवली, अंगठ्याने दाबली. इतकी सफाईदार की जोड शोधून सापडू नये.

खुंटीवर गरम पाण्याच्या चार रबरी पिशव्या टांगल्या होत्या, जुन्या फ्लॅनेलचे अभ्रे घातलेल्या.

"हे काय, मावशी?"

"घरनं आणल्यात," मावशीने तुटक उत्तर दिलं. मागून येणारी घाईबाई म्हणाली, "गुडघ्यांना असतील." डॉक्टरिणीने मान हलवली. पण मघाशी हीच मावशी तीन मजले एका दमात चढून आली होती आणि धाप लागली होती ती घाईबाईला.

"मावशी, बाटल्यांना हात लावला होतास?"

"नाही."

"लिफाफ्याला?"

"नाही म्हटलं ना. एकतीस वर्षांत इथली टाचणी घरी नेली नाही मी. आता चोर म्हणालेत ना, मग बोलायचं काय? म्हणा." ती वळून पिंजरे पुसायला लागली. अगदी घुम्यासारखी.

टेबलावर तिची रोजची वही होती. किती दाणे, किती पाणी, कोण मेलं, कोण आजारी. दर शनिवारी ही वही वर जायची आणि मोठे सर सही करून खाली पाठवायचे. डॉक्टरिणीने दुसऱ्या फेरीची पानं उघडली. ऑपरेशनच्या दहा दिवसांत, रोजच्या चार नंबरांपैकी काहींच्या पुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. बाकीच्यांपुढे काही नाही.

तिने यादी काढली आणि बोट ठेवून ठेवून ताडून पाहिलं. तीन, औषध, खूण. चार, पाणी, खूण नाही. सात, औषध, खूण. सतरा, औषध, खूण. शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापासून आली.

वीस खुणा. आणि वीसच्या वीस औषधवाल्यांपुढे! एकही चूक नाही.

लिफाफा बंद असताना, कुठल्या उंदराला औषध मिळालं हे मावशीला ठाऊक होतं. ज्या बाईने उंदीर हातात घ्यायला शिकवलं, तिच्याच हस्ताक्षरात पुरावा. वही तशीच छातीशी धरून ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली.

५

पायरीवर बसून तिने नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत गणित शिकवायचा.

"तुझी मावशी चोर आहे असं वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"वाटत नाही. पण वही बोलतेय ना."

"मग वहीला नीट बोलू दे की. चोराने चोरीची नोंद ठेवून दर शनिवारी मालकाची सही घेतली, असं कधी ऐकलंयस का?"

ती खडबडून उठली. खरंच की! तिने पानं मागे उलटली, पहिल्या फेरीपर्यंत. तिथेही त्याच खुणा, आणि पहिल्या खुणेपुढे मावशीने एक शब्द लिहिला होता. तो वाचून डॉक्टरीण तळमजल्यावर पळतच गेली, घाईबाईलाही लाजवेल अशी.

तिने समितीच्या अध्यक्षांना फोन करून परवानगी घेतली. मग आठ धडधाकट उंदीर मागवले. ठोका नाही, भूल नाही, नुसती एक सुई. दुसऱ्या फेरीतल्या उरलेल्या औषधाच्या बाटल्या घेतल्या. चौघांना औषध, चौघांना मिठाचं पाणी. हे तिने दार लावून एकटीने केलं, नंबर आपल्या डायरीत लिहिले आणि डायरी पर्समध्ये टाकली. तासाभराने, साडेचारला, तिने सगळ्यांना खाली बोलावलं.

"हा काय खेळ मांडलाय?" मोठे सर वैतागून म्हणाले. "पत्रावर सही करायची आहे मला."

"मावशी, या आठ जणांना हातात घे. त्या वहीत जशी खूण करतेस तशी इथे कर."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" मावशी पुटपुटली. तरी पुढे झाली. पहिल्याला तळहातावर घेतलं, अंगठा त्याच्या पोटाखाली सारला, क्षणभर थांबली, खाली ठेवला. दुसऱ्याला घेतलं. तिसऱ्याला हातात घेताच तिची भुवई आपोआप वर गेली. आठही झाल्यावर तिने चार पिंजऱ्यांवर खुणा केल्या.

डॉक्टरिणीने डायरी छोट्या सरांच्या हातात दिली. "वाचा."

छोट्या सरांनी वाचलं. खोकायचंही विसरले. "चारही बरोबर. चारही औषधवालेच! अहो, पण कसं?"

"तिचं गुपित तिने पहिल्याच फेरीत लिहून ठेवलंय. एकच शब्द आहे. गार."

६

"गार लागतात ते," मावशी म्हणाली. "सुई दिल्यावर काही उंदीर गारठतात. नाक, पाय, पोट, सगळं गार. मला काय माहीत औषध कोणतं! हाताला लागलं ते लिहिलं."

घाईबाई थर्मामीटर घेऊन धावली. खुणा केलेले चारही उंदीर बाकीच्यांपेक्षा तीन-साडेतीन अंशांनी थंड होते.

"आता नीट ऐका," डॉक्टरीण म्हणाली. "एक, औषध कोणी नासवलेलं नाही. त्याच बाटल्यांनी हे चौघे गारठले. दोन, बाटल्यांची अदलाबदलही नाही. ती झाली असती तर पाणीवाले चालले असते. तीन, हे औषध मेंदू वाचवत नाही, अंग गार करतं. ऑपरेशनच्या टेबलावर ऊब देणारी गादी असते, पण पिंजऱ्यात गेल्यावर अंग किती गार पडलं हे कोणी बघितलंच नाही. पहिल्या फेरीत ते वीस उंदीर तासन्‌तास गार राहिले, आणि गार मेंदू माराला जास्त टिकाव धरतो, म्हणून चालले. दुसऱ्या फेरीत कोणीतरी त्यांना ऊब दिली. गारवा गेला आणि औषधाचा चमत्कारही गेला."

सगळ्यांचे डोळे खुंटीवरच्या पिशव्यांकडे वळले.

"म्हणजे तिनेच!" मोठे सर ओरडले. "तिनेच वाटोळं केलं! आणि लिफाफा?"

"लिफाफ्याकडे येते. मावशीच्या खिशात कायम पांढरा डिंक असतो. तिने फोडला असता तर असा चिकटवला असता की माझ्या भिंगालाही दिसलं नसतं. छोट्या सरांना फेरी पडल्याचा आनंद, ते ती रद्द का करवतील? घाईबाईने फोडला असता तर तिने ते लपवलं असतं. पण ही निळी रेघ लपवायला काढलेलीच नाही. लिफाफा फुटल्याचं सगळ्यांना दिसावं, म्हणून काढली आहे. लिफाफा फुटला तर फेरी रद्द होते. फेरी रद्द होऊन कोणाचं भलं होतं, सर?"

"हा निव्वळ तर्क झाला," मोठे सर म्हणाले.

"सकाळी नऊला तुम्ही फोनवर म्हणालात, लिफाफ्याला हात लावलेला नाही. त्याच दमात म्हणालात, सतरा नंबर औषध मिळूनही पडला. यादी मी अकराला उघडली. नऊ वाजता सतरा नंबरला औषध मिळाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मोठे सर मावशीच्या स्टुलावर बसले.

"शुक्रवारी ते पडताना बघितले," ते म्हणाले. "शनिवारी राहवलं नाही. उघडला. वाटलं, औषधवाले थोडे तरी बरे असतील. नव्हते. तेव्हाच मनाने घेतलं की कोणीतरी घात केलाय. माझं औषध खोटं असूच शकत नाही. पंधरा वर्षं, डॉक्टर! घात झालाय याची खात्री होती, फक्त पुरावा नव्हता. म्हणून मी तो तयार केला."

"आणि किल्ली मावशीकडे होती."

"हो." त्यांना मावशीकडे बघवेना. "ती आठ महिन्यांनी जाणारच होती."

ऐकून डॉक्टरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर हा हिशोब की संन्यासी तसाही जाणारच होता! "आणि पुढच्या महिन्यात हेच औषध डोकं फुटलेल्या माणसांना टोचलं असतं," ती म्हणाली. "उबदार खोलीत, पांघरुणाखाली. काहीही उपयोग झाला नसता. त्यांचेही भाऊ बाहेर बाकावर बसलेले असतात, सर."

मोठ्या सरांनी डोळे पुसले. मग एकदम मावशीकडे वळले. उरलेला सगळा राग त्यांना कुठेतरी ठेवायचा होता. "पण तू कोणाला विचारून ऊब दिलीस? प्रयोगात हात घालायचा अधिकार कोणी दिला तुला?"

"तुम्हीच," मावशी म्हणाली.

"मी?"

डॉक्टरिणीने वही उघडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. पहिल्या फेरीचा शेवटचा शनिवार. मावशीचं गोल गोल अक्षर: 'खूण केलेले उंदीर सुईनंतर फार गार पडतात. कुडकुडतात. पुढच्या खेपेला घरच्या पिशव्या आणून ऊब देऊ का?' आणि त्याखाली, लिफाफ्यावर होती तीच ऐटदार, आडवी सही.

"तुम्ही सही केलीत," मावशी म्हणाली. "मला वाटलं, हो म्हणालात."

मोठ्या सरांनी मागची पानं उलटली. 'आजही दोन गार.' सही. 'तीन गार, एकाला हुडहुडी भरली होती, थोडा वेळ ॲप्रनमध्ये धरला.' सही. औषधाचं सगळं गुपित आठवड्याच्या आठवड्याला त्यांच्या टेबलावर येत होतं, आणि ते त्यावर सही करून खाली पाठवत होते.

पाच वाजले. वर, त्यांच्या टेबलावर, मावशीचं पत्र तसंच पडून होतं. कोणीच ते आणायला गेलं नाही. उद्या समितीपुढे कोणाच्या नावाचं पत्र येणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, मोठ्या सरांनाही.

मावशीने ॲप्रनला हात पुसले, सरांकडून वही घेऊन आजचं पान उघडलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'आठ उंदीर. चार गार. ऊब दिली.' मग वही सरांपुढे ठेवून चारही पिशव्यांत गरम पाणी भरून एकेक पिंजऱ्याखाली सरकवली.

मोठ्या सरांचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. मावशीने पानावर तळहात ठेवला.

"आधी वाचा, सर," ती म्हणाली. "सही मग."

आणि मोठे सर चष्मा लावून, पहिल्या पानापासून, वाचायला लागले.